तीन मिनिटं

“अहो, मले वाघ तरी मारू द्या!” मी ओरडलो. जेवणाच्या सुट्टीत सांगायचा माझा हा वाघ रोज हातभर लांब व्हायचा. पण आमच्या टेलिफोन ऑपरेटरने घड्याळ पाहून हात वर केलाच. पूर्वी तो जुन्या मालवाहू आगबोटीवर वायरलेस सांभाळायचा. तिथे तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं सगळे गप्प राहून बुडत्या जहाजाची हाक ऐकत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात समुद्र नव्हता, पण त्याची ती सवय सुटली नव्हती.

मी फुगून गप्प बसलो. अचानक तो शेजारच्या माणूस मावेल एवढ्या नव्या पाइपाकडे धावला. तोंडाशी कोणी लोखंडी प्लेट टेकवल्यामुळे आत कोंडलेला फिटर कधीचा पान्याने ठोकत होता. प्लेट सरकवल्यावर तो अर्धमेला बाहेर निघाला.

“तुमाले कसं ऐकू आलं जी?” मी विचारलं.

“तुम्ही गप्प होते.”