अंगातली मोटार

माझ्या धाकट्या भावानं चार वर्षं स्वतःच्या विहिरीचं पाणी घेतलं नाही, आणि त्या चार वर्षांत माझ्याविषयी कुणापाशी वाकडा शब्द काढला नाही. हे आधी लिहून टाकतो. पुढचं सगळं माझ्याबद्दल आहे आणि ते फारसं बरं नाही. पण असा भाऊ मला आहे हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आमचा मळा येडगावच्या शिवारात, धरणाच्या पाण्यापासून थोडा वर. वडिलांनी जमीन दोघांना वाटून दिली, विहीर एकच ठेवली. पाळ्या ठरवून दिल्या: सोमवार ते बुधवार मी, गुरुवार ते शनिवार तो, आणि रविवारी विहिरीला कुणी हात लावायचा नाही, झरे भरू द्यायचे. पाण्यात मोटारी दोन, खांबावर स्टार्टरच्या पेट्या दोन, शेजारीशेजारी. माझं घर विहिरीपासून शंभर पावलांवर, त्याचं ओढ्याच्या पलीकडे.

शेती मी सकाळ-संध्याकाळ बघतो. दिवसभर माझं दुकान असतं, रस्त्याला लागून. जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी तार भरायची. हे काम मी चांगलं करतो. आजवर असं स्वतःच्या तोंडानं कधी बोललो नाही, आता बोलतो. चालू मोटारीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की आत बेअरिंग गेलंय का तार ढिली झालीय ते मला कळतं. पुष्कळदा पाइपाला नुसता हात लावून कळतं. निमगाव साव्यापासून पार आण्याच्या पठारापर्यंतचे लोक मोटार बाहेर काढायच्या आधी मला नेतात. "ह्याच्या हाताला चूक न्हाई," असं म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. सगळा घोळ तिथंच झाला.

तो उन्हाळा होता. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, दोघांच्याही रानात कांदा. दुपारी जेवून मी खाटेवर पडायचो, आणि डोळा लागायच्या ऐन वेळेला अंगाखाली बारीक घरघर सुरू व्हायची. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून बसलं की जशी लागते तशी. पाठीच्या कण्यातून पोटऱ्यांपर्यंत, एकसारखी. दोन-चार दिवस मी लक्ष दिलं नाही. मग पहाटे जागा होतानाही ती लागायला लागली. मला वाटलं, मोटार चालू आहे. दुसरं काय वाटणार? जन्मभर मी तेच हुडकत आलोय.

पण ते दिवस माझ्या पाळीचे होते आणि माझी मोटार बंद होती. रविवारी तर कुणाचीच चालायला नको होती.

एकदा मी तसाच उठून विहिरीवर गेलो. खांबापाशी पोचेपर्यंत सगळं शांत. पाइपाला हात लावला, गार. पाणबुडी मोटारीचा पाइप गारच असतो, त्यावरून काय समजणार? आणि त्याच महिन्यात भावानं मोबाईलवर चालू-बंद होणारा स्टार्टर बसवून घेतला होता, माझ्याच हातून. झालं. मी मनाशी धरलं की मी उठलेला दिसलो की हा ओढ्यापलीकडून फोन करून मोटार बंद करतो. आमच्या भागात असल्या स्टार्टरनं माणसाची सोय झाली तशी संशयाचीही झाली. मी भावाला बाजूला घेऊन विचारू शकलो असतो. विचारलं नाही. सोमवारी सकाळी मारुतीच्या पारावर, चारचौघांत तोंड सोडलं.

"रविवारी इहीर बंद असती. मग तुझी मोटार कशी चालती रं?"

तो हसला. त्याला चेष्टा वाटली. "दादा, काय बोलतो? काल मी दिसभर सासुरवाडीला व्हतो."

"म्हणूनच तर मोबाईलचा स्टार्टर बसवला ना? सासुरवाडीत बसून बटन दाबायला."

पारावरचे सगळे खदखदून हसले. भावाचं हसू गेलं. तो म्हणाला, "दादा, मी न्हाई चालवली." तेवढ्यात कुणीतरी बोललं, "आरं, हा म्हणतोय म्हंजे चालतच आसंल. ह्याच्या हाताला चूक न्हाई."

माझ्या हाताची एवढी किंमत आणि त्याच्या शब्दाची काहीच नाही. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

तासाभरानं तो दुकानात आला. हातात त्याच्या पेटीतले तीन फ्यूज, पांढऱ्या चिनीमातीचे, ज्यांना आमच्याकडे सगळे किटकॅट म्हणतात. ते त्यानं माझ्या टेबलावर ओळीनं मांडले.

"हे घे. आता देव आला तरी माझी मोटार चालायची न्हाई. तुझी खात्री झाली की आणून दे. मी मागायला येणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवा झालो. डोळा लागायला आणि घरघर सुरू व्हायला एकच गाठ पडली. मी उठलो. ह्या खेपेला विहिरीवर गेलो नाही. फ्यूज माझ्याच खणात होते, जाऊन काय बघणार? पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला खाटेच्या माच्यावर ठेवला. पाणी जराही हललं नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाटेच्या लोखंडाला लावून कानामागं टेकवलं, काही नाही. भिंतीला, फरशीला; काही नाही. मग ते टोक स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मान वाकडी करून ऐकलं. काळीज चालू होतं, तेवढंच.

ती माझ्याच अंगात होती. आणि हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. महिन्यानं नाही, वर्षानं नाही.

मी फ्यूज परत दिले नाहीत. का? लाज वाटली, हे एक. दुसरं, धंदा. ज्याच्या अंगातच घरघर, तो दुसऱ्याच्या मोटारीची घरघर काय ओळखणार, असं लोक म्हणतील ही धास्ती. आज सांगतो, उद्या सांगतो, करत एक हंगाम गेला. आणि एक हंगाम गेल्यावर सांगणं आणखी जड झालं.

भावानं शेजारच्या विहिरीचं पाणी वाट्यानं घेतलं. म्हणजे पिकाचा तिसरा हिस्सा पाणीवाल्याला. अर्धी विहीर स्वतःची असताना. माझ्या मुलीच्या लग्नात तो आला, पंगतीत वाढपी म्हणून उभा राहिला, शेवटच्या पाव्हण्यापर्यंत वाढलं, आणि न जेवता घरी गेला. मी मांडवात उभा राहून त्याची पाठ बघत होतो.

घरघर मात्र माझ्याबरोबर राहिली. कधी आठ-आठ दिवस नसायची, कधी रोज. बाहेरून काही दिसत नाही. हात थरथरत नाही, बारीक तार सरळ भरतो. एके दिवशी मी दचकून उठून बसलो तेव्हा बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "अंग तर गार हाय. हालत बी न्हाई. मग काय व्हतंय तुमाला?"

"आत काहीतरी चालतं," एवढंच मी म्हणालो.

तिनं मला मंचरला डॉक्टरकडे नेलं. रक्त, साखर, थायरॉईड, शिरांची तपासणी, सगळं झालं. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर बाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

मी फरशीकडे बघत सांगितलं, "चार वर्षं झाली. भावाशी बिघडलं, त्याच्या महिनाभर आधीपासनं."

बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो ते. शेजारी बायको रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टर बाई सरळ बोलल्या. तपासणीत वाईट काही नाही. काहींना असं झोपेच्या काठावर होतं, आणि का होतं ते दरवेळी सांगता येत नाही. दुपारचा चहा कमी करा, झोपेची वेळ पाळा, हात खरंच थरथरायला लागला किंवा ताकद कमी वाटली तर लगेच या. "आणि घाबरू नका," म्हणाल्या, "कुणाला तरी सांगत जा."

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर बायको मागं बसलेली, माझ्या खांद्यावर हात. कळंब गेलं, नारायणगाव आलं. मग म्हणाली, "म्हंजे भाऊजींची मोटार बंद व्हती."

"व्हय."

"अन् तुमाला कळलं व्हतं."

"दुसऱ्याच दिशी."

तिनं माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि गाडीच्या मागच्या दांडीला धरलं. घरापर्यंत तसंच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, डब्याच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी आणखी एक फडकं होतं. त्यात ते तीन फ्यूज. माझ्या खणातून तिनं कधी काढले कुणास ठाऊक. "ह्यांना तारा घाला," ती म्हणाली. "डबा मग खा."

मी जुन्या तारा काढल्या. चिनीमाती पुसली, गंज घासला, नव्या तारा घातल्या. आयुष्यात शेकडो फ्यूज बांधले असतील, ह्या तिन्हींना अर्धा तास लागला. शनिवारी भाऊ मारुतीला येतोच. नारळ फोडून तो पाराकडे वळला, तेव्हा मी तिथं उभा होतो. माणसं साधारण तीच.

"मला बोलायचंय," मी म्हणालो. "चार वर्षांमागं हितंच मी म्हटलं व्हतं का ह्यानं चोरून मोटार चालवली. ते खोटं व्हतं. घरघर माझ्याच अंगात हाय. झोपताना लागती. डॉक्टरला बी ती का लागती ते सांगता आलं न्हाई. अन् हे मला दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं. मी गप बसलो."

मग ज्याची मला चार वर्षं भीती होती ते आलं.

"म्हंजे पोटात किती हॉर्सपॉवरची बसवली, राव?"

"थ्री फेज हाय का सिंगल?"

"लाईट गेल्यावर बी चालती का? मग सोसायटीच्या पंपाला जोडा की!"

हसले सगळे, पोट धरून हसले. आणि मला नवल वाटलं, ते हसणं मला जड गेलं नाही. त्या सोमवारच्या हसण्यापेक्षा ते फार हलकं होतं. मी तिथून हललो नाही. आयुष्यात ज्या थोड्या वेळा मी माझ्या जागी नीट उभा राहिलो, त्यातली ही एक.

भाऊ हसला नव्हता. मी फडकं त्याच्यापुढं धरलं. त्यानं एकेक फ्यूज उचलून उजेडात बघितला.

"तारा जाड घातल्यास," म्हणाला.

"न्हाई, बरोबर हायती."

"चार वर्षं मोटार बंद हाय, दादा. जाम झाली असंल. जाड तार घातली तर फ्यूज उडायचा न्हाई, मोटार जळंल."

बरोबर होतं त्याचं. माझ्या हाताची चूक त्यानं काढली, तीही चारचौघांत, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. "मग आधी वर काढू," मी म्हणालो. "उघडून बघतो."

"तूच बघ," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार न्हाई."

पारावरून निघालो तर एक म्हातारे मागून आले. जवळ येऊन हळू म्हणाले, "मला बी व्हतं रं. पहाटं. मी आपला म्हणायचो धरणाचं दार सोडलं." आणि काठी टेकत गेले.

मोटार आम्ही दोघांनी दोर लावून वर ओढली. खरंच जाम होती. दोन दिवस मी तिच्यावर बसलो, एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. पंप मोकळा केला, बेअरिंगं बदलली, तार तपासली, पुन्हा सोडली. गुरुवारी, त्याच्या पाळीला, त्यानं पेटीत फ्यूज बसवले, बटन दाबलं आणि मला म्हणाला, "हात लाव. कशी हाय सांग."

मी पाइपाला हात लावला. सुरेख चालत होती.

दुपारी ती अजून येते, माझी घरघर. आता मी तिला घाबरत नाही. एका कुशीवर वळतो, मनातल्या मनात तारेचे वेढे मोजतो, कधी वेढ्यांच्या मध्येच झोप लागते. पण एखाद्या दिवशी खरंच कळत नाही. मग मी उशाचा फोन घेतो. ओढ्यापलीकडे तो जेवत तरी असतो, नाहीतर गोठ्यात तरी.

"मोटार चालू हाय का रं तुझी?"

कधी म्हणतो, हाय. कधी थोडा थांबतो, खांबाकडे बघत असेल, आणि म्हणतो, "न्हाई, दादा. ती तुझी. झोप."