झेरॉक्सबाईंच्या फोनमधली यादी

आमच्या कॉलेजात बावीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या बाईंना पोरं पाठीमागे झेरॉक्सबाई म्हणतात. फंक्शनला नुसती व्हॅल्यू, म्हणजे प्रत, पाठवणं आणि रेफरन्स, म्हणजे मूळ वस्तूचा पत्ता, पाठवणं यातला फरक शिकवायचा असला, की त्या हजेरीपत्रकाची झेरॉक्स घेऊन वर्गात जातात. "हिच्यावर हवं ते खरडा. माझ्या हजेरीत काडीचा फरक पडणार नाही." मग खरं हजेरीपत्रक कुठल्या कप्प्यात असतं ते सांगतात. "तिथे जाऊन खोडलंत, तर माझंच खोडलं जाईल." एवढं मात्र पोरांच्या पक्कं लक्षात राहतं.

मी शेजारच्या टेबलावर गणिताचे पेपर तपासते, म्हणून त्यांचं गुपित मला ठाऊक. लेक भांडून वेगळी राहायला गेली, त्याला आठ महिने झाले. फोन उचलत नाही. पण दोघींच्या फोनमध्ये सामानाची एकच यादी होती, ती तोडायची राहून गेली. लेक तिकडे साबण लिहिते, इकडे बाईंना साबण दिसतो. कांदे, बल्ब, एक उशी.

"एकच उशी म्हणजे एकटीच राहते ना गं?" बाई मला विचारायच्या. त्यांचा सगळा जीव त्या यादीत अडकलेला. स्वतः मात्र एक अक्षर लिहीत नव्हत्या. आपण लिहिलेलं लेकीला दिसणार आणि ती यादी तोडणार, ही धास्ती.

गेल्या सोमवारी यादीत आलं: तापाच्या गोळ्या, थर्मामीटर. बुधवार उजाडला तरी दोन्हींपुढे आणल्याची खूण नाही. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग लिहा की!" मी म्हटलं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची माझी जुनी खोड. "आईनं चार शब्द लिहिले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी लिहिलं, 'लिंबं. मीठ, साखर. पाणी पीत राहा.'

पाच मिनिटांत फोन वाजला. यादीच्या वर ओळ आली होती: 'समोरच्या व्यक्तीने ही यादी वेगळी केली आहे. ही आता फक्त तुमची प्रत. यापुढचे बदल इथे दिसणार नाहीत.'

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला.

"चला," त्या म्हणाल्या, "म्हणजे फोन हातात घेण्याइतकी तरी बरी आहे."