सूडाची शपथ आणि माझी विनवणी
माझं लग्न वर्षभरात मोडलं आणि मी पुण्याहून बाबांकडे दोहाला आले. आई काही वर्षांपूर्वीच गेली होती. बाबा वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमच्या बांधकामावर इंजिनियर होते; दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या घरात आम्ही दोघंच. दुसरीवर प्रेम असताना ते लपवून नवऱ्यानं माझ्याशी लग्न केलं होतं, हे कळल्यापासून जेवताना बाबांचा एकच विषय असे.

"सुट्टी मंजूर होऊ दे. त्याच्या ऑफिसात जाऊन चारचौघांत अब्रू काढतो त्याची."

मी ताटातला भात चिवडत बसायची.

एका संध्याकाळी त्यांच्या इटालियन साहेबानं आम्हाला गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं. एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेरातलं एक द्वंद्वगीत होतं. निवेदिकेनं आधी इंग्रजीत गोष्ट सांगितली. एका बड्या माणसानं मुलीला फसवलंय. बाप सूडाची शपथ घेतो. मुलगी मात्र 'त्याला माफ करा' म्हणून विनवते, कारण तिचं अजून त्याच्यावर प्रेम आहे.

बापानं सुरुवात केली ती गर्जतच. मुलीनं तीच चाल उचलली, तिचे शब्द मात्र उलटे. लय चढत गेली. शेवटी दोघं एकदम गात होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण बाबांचे हात मांडीवरच होते.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझंही अजून प्रेम आहे त्याच्यावर?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "माहीत नाही, बाबा. पण तुम्ही रोज त्याच्याबद्दलच बोलता. मी कशी आहे, हे एकदाही विचारलं नाहीत."

त्यांनी गाडी सुरू केली. रस्ते जागोजागी खणलेले, वळणं रोज बदलायची. एका बॅरिकेडपाशी वाट चुकली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

"कशी आहेस?"

लग्न मोडल्यावर पहिल्यांदाच मी हमसून हमसून रडले. ते माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

सुट्टीत ते पुण्याला गेलेच. परतले तेव्हा विमानतळावर मी भीतभीत विचारलं, "भेटलात त्याला?"

"ऑफिसच्या दारापर्यंत गेलो होतो. समोरून येताना दिसला. हात शिवशिवत होते." बाबांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. "पण तुला विचारलं नव्हतं ना. मागे फिरलो."