ग्रामसभेत बसायची जागा

मी शिकलो तो कौसल्याआक्कामुळे. माझी थोरली बहीण. चौथी पास झाली आणि तिची शाळा बंद करून तिला कापूस वेचायला लावलं. माझी शाळा मात्र चालू राहिली. घनसावंगीला हायस्कूल, पुढं जालन्याला कॉलेज. आमच्या घरात पहिला बी.ए. मी. ते तिच्या कष्टावर, म्हणून तिचं नाव आधी.

आता ती सभा.

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं आणि चावडीपुढं ग्रामसभा भरली. सभेची सतरंजी आमच्या बौद्धवस्तीतल्या पोरांनी टाकायची, असा गावचा रिवाज. टाकायची आणि कडेला उभं राहायचं. सभा उठली की झटकून घडी घालायची. बसू नका असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. बसायचं नसतं, एवढं ठाऊक होतं. त्या दिवशी सतरंजी मीच टाकली. बी.ए. होऊन. मला वाटलं, काम केलेलं दिसलं म्हणजे नाव घेतील.

नाव कशात, ते सांगतो. गावातल्या तरुणांसाठी सरकारनं वाचनालयाची खोली मंजूर केली होती. ती चालवायला युवक समिती निवडायची होती. आमच्या घरांत अभ्यासाला कोपरा नाही. समितीत आमचं कुणी नसलं तर आमच्या पोरांना त्या खोलीत कोण शिरू देणार?

तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीवरून बोलले, "तरुणांनी पुढं यावं. शासन तुमच्या पाठीशी आहे."

मी पुढं झालो. "साहेब, माझं नाव घ्या. मी बी.ए. झालोय."

सरपंचांनी मान वळवली. गाव त्यांना तात्या म्हणायचं. "बीए झाला का रं? तरी म्हणलं, आज सतरंजी एवढी बराबर कशी पडली!"

सभा हसली. साहेबही हसले. साहेबांचं हसणं जास्त लागलं.

तात्यांनी आपल्या पोराचं नाव सांगितलं. पोरगा औरंगाबादला राहायचा. त्या दिवशीही गावात नव्हता. साहेबांनी लिहून घेतलं. मग पुतण्याचं. तेही घेतलं.

माझे कान तापले. चपला काढल्या. सतरंजीवर गेलो आणि मधोमध बसलो.

"ऊठ," तात्या म्हणाले.

"न्हाई उठत. माझं नाव लिहा, न्हाईतर का लिहीत न्हाई ते लिहून द्या."

"आरं, मंग घडी कोण घालील? तुझा बाप?"

"युवक समिती घालील."

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "असं लिहून देता येत नाही." कडेला उभी असलेली आमची दोन पोरं आली आणि माझ्याजवळ टेकली. तात्यांनी सभा उठवली. सतरंजी तिथंच पडून राहिली.

संध्याकाळी बा कडाडला. तात्यांच्या रानातलं त्याचं काम गेलं होतं. "जा, जल्दी जाऊन पाय धर त्यांचे." मी गेलो नाही. अंबडला नांदत असलेल्या आक्काला पत्र लिहिलं.

"आक्का, जयभीम.

दाजींनी माझ्यासाठी जिनिंगमधली नोकरी बघून ठेवली, त्यांचे उपकार. पण मी येणार नाही. आत्ता गाव सोडलं तर तात्या म्हणतील, पळालं. बाचं काम माझ्यामुळं गेलं. त्याला काय सांगू, कळून नाही राह्यलं. मी दुसऱ्यांच्या रानात रोजानं जातोय. माफी मागणार नाही.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिलाय. खोली तरुणांसाठी आहे, तर ती कुठं बांधायची, किल्ली कुणाकडं ठेवायची, हे गावात राहणाऱ्या सगळ्या तरुणांना विचारून ठरवा. पोरींनाही विचारा. आपलीच पोरं म्हणाली, पोरी कशाला? मी त्यांना तुझं सांगितलं. चौथीनंतर तुला काय पाहिजे, हे कुणी विचारलं होतं?

कचेरीतून उत्तर नाही आलं तर परत जाईन. हाकललं तर दारात बसेन. पुढच्या सभेला वस्तीतल्या पोरीही येणार आहेत, मी घरोघर सांगून आलोय. बा भ्यालाय. मीही भ्यालोय. पण नावं लिहीपर्यंत जात राहणार.

तुझा भाऊ."