भिंत पडली, घर उभं

दगाला बंगल्याची राखण मिळाली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हा, की एवढ्या मोठ्या घरात खिळा कुठेच कसा दिसत नाही? कामरेजजवळ, तापीच्या काठी, मालक भाईदासशेठच्या आजोबांनी हवापालटासाठी बांधलेला हा दुमजली सागवानी बंगला. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, आणि सांध्यासांध्यात लाकडी खुंट्या. मधल्या गाळ्यांत नुसत्या विटा भरलेल्या.

शेठ म्हणत, विटा वाऱ्याला अडवायला, घर तोलतं ते लाकूड. दगाला हे पटता पटेना. त्याच्या खानदेशातल्या गावी छपराचा सगळा भार मातीच्या भिंतींवर. भिंतीला पोट आलं की माणसं आधी पोरं उचलून अंगणात येत, देवाचं नाव मग घेत. म्हणून हा बाबा हातातलं काम टाकून खांब ठोकून बघत बसे, सांध्यांत बोटं घाली. त्याची बायको सुभद्राबाई म्हणे, यांचं लग्न माझ्याशी लागलंय की या लाकडाशी, देव जाणे.

अडुसष्टच्या पावसाळ्यात तापी चढली. दुपारी पाणी ओटीवर आलं आणि पुढची भिंत फुगली. हायवेचा भराव हाकेच्या अंतरावर होता. गाव गुडघाभर पाण्यातून तिकडेच निघालं होतं. सुभद्राबाईने तान्ह्या मंगलाला उचललं नि म्हणाली, "भित फुगनी. भाईर चला."

दगाने तिचा दंड धरला आणि दोघींना जिन्याने वर नेलं.

भिंत धडाधड बसली. सगळं घर करकरलं. दगाच्या डोळ्यांदेखत तुळई हलली आणि पुन्हा जागेवर आली. खाली खांबाखांबांमधून नदी आरपार वाहत होती, आणि पायाखालची फळी जागची ढळली नव्हती. खरं सांगायचं तर गडी आतून हरखला होता.

पाणी ओसरल्यावर शेठ आले, त्यांनी दगाची पाठ थोपटली. भरावावर गेलेली मंडळीही परतली, सगळी धडधाकट. दगा ज्याला त्याला सांधे दाखवत सुटला, लाकूड कसं वाकलं आणि खुंट्यांनी कसं धरून ठेवलं. सुभद्राबाई गाळ उपसत होती. संध्याकाळी पोरीला पाजायला बसली तेव्हा तिने विचारलं,

"तुमले खात्री व्हती, का फक्त पाहनं व्हतं?"

दगाने मंगलाकडे पाहिलं. खात्री होती, असं त्याला म्हणता येईना.