शबनमचं आणखी एक वर्ष

शबनम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या आमच्या कॉलेजात परीक्षेच्या वर्गावर होते. तिच्या वडिलांचे, उस्मानचाचांचे, तीन मिस्ड कॉल. बाहेर येऊन लावला, तर ते एवढंच म्हणाले, "आपली शबनम ऱ्हायली न्हाई, पोरी..." चौतीस वर्षांची होती. परगावी, क्लायंटच्या गेस्ट हाऊसमध्ये, सकाळी आवरून मीटिंगला निघताना कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

मलकापुरातल्या शिंप्याची ही मुलगी. इंजिनिअरिंगला आम्ही सांगलीत एका खोलीत राहिलो आणि पुण्याच्या एकाच कन्सल्टिंग फर्ममध्ये लागलो. कंपन्यांना त्यांचा धंदा कसा चालवावा हे सांगायचं काम. तीन वर्षांत मी कंटाळून परत आले, ती टिकली. आता ती गेली म्हणून त्या नोकरीला नुसत्या शिव्या घालणं मला जमणार नाही... लोणंदच्या एका कारखान्यात पिकल्या केसांचे मॅनेजर वही उघडून तिचं म्हणणं लिहून घेत होते, ते मी पाहिलंय. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आमच्या गल्लीत मला अजून कुणी साधा दुकानाचा रंग विचारत नाही गं!" दर सहा महिन्यांनी नवा धंदा शिकायचा, याची तिला खरीच चटक होती. पण त्याच नोकरीनं तिचं जेवण, झोप, ईद, सगळं दुसऱ्याच्या वेळापत्रकाला बांधलं. डोकं ठणकलं की गोळी घ्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. एवढं खपून केलेला अहवाल क्लायंटच्या कपाटात पडून राहायचा, ते वेगळंच.

गेल्या वर्षी तिनं मला मलकापूरला बोलावलं. हायवेवरच्या हॉटेलात चहा मागवला आणि म्हणाली, "सोडू का गं?" आम्ही दोघी पडलो त्या फर्मच्या. सरळ बोलायचं सोडून कागद काढला, फायदे-तोटे मांडले, प्रत्येकाला दहापैकी गुण. तब्येतीसमोर पेन धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तीन दे. गोळ्यांनी थांबतंय ना?" बेरीज निघाली, आणखी एक वर्ष थांबायचं. ती हसली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खरं सांगायचं तर नोकरी सोडल्याची रुखरुख मला होती, आणि तीच मी तिच्या कागदावर उतरवली. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचांच्या दुकानात गेले. हातातलं कापड बाजूला सारून ते म्हणाले, "धाकटीला, नसीमला, बी तसल्याच फर्ममधनं बोलावनं आलंय. जायचं म्हनती. तू तितं हुतीस. सांग, धाडू का?"

मी म्हणाले, "चाचा, शबनमला सोडायचं होतं. थांब म्हणून मीच सांगितलं..."

"ठावं हाय. तिनं सांगितलं हुतं मला." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "म्हनून तर तुलाच इचारतोय. ह्या टायमाला नीट सांग."

मशीनशेजारचं लाकडी स्टूल त्यांनी माझ्याकडे सरकवलं. घरी आली की शबनम त्यावरच बसून गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांना बटणं लावायची. ती गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. मी बसले.