अर्धलीची पिल्लं

आई गेल्याच्या पाचव्या दिवशी भावाने तिच्या सगळ्या कोंबड्या बाजारच्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. मी तेव्हा घरातच होते, भेटायला आलेल्या बायकांना चहा देत होते. संध्याकाळी कोंबड्या डालायची वेळ झाली म्हणून सवयीने मागच्या अंगाला गेले, तर खुराड्याचं दार उघडं आणि आत नुसती शीट. भाऊ म्हणाला, "कोण बघणार हुतं त्यांच्याकडं? तू नेणार हुतीस का मुंबईला?" त्याचं चुकलं असं आज म्हणवत नाही. त्याची बायको आजारी, पोरं लहान, त्याला शेतातून डोकं वर काढायला सवड नव्हती. पण तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्या कोंबड्या साध्या नव्हत्या. अंगावर पांढरे-काळे कवडीसारखे ठिपके आणि डोक्यावर पिसांचा झुपका. आमच्या सातारच्या भागात त्यांना शेंडीच्या कोंबड्या म्हणत. आईला तिच्या माहेरून दोन मिळाल्या होत्या, आणि तिने तीस-बत्तीस वर्षं ते बीज राखलं. बाहेरचा कोंबडा खुराड्यात येऊ द्यायची नाही. गावातल्या पोरी हसायच्या, की हिने जावयासाठी सुद्धा एवढी सोयरीक पाहिली नसेल. त्यात तथ्य होतं. माझ्या लग्नाची बोलणी एका दुपारी उरकली होती.

निघायच्या आदल्या दिवशी माळ्यावरच्या कोंड्याच्या मडक्यात हात घातला आणि अंडी लागली. तेरा. प्रत्येकावर कोळशाची बारीक रेघ होती. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, ते कळावं म्हणून आई अशी खूण करायची. ती उबवायला खुडुक कोंबडी बसवायची तयारी चालली होती तिची. मी ते मडकं मांडीत घेऊन बराच वेळ बसले आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

तुपाच्या रिकाम्या डब्यात कोंडा घालून ती तेरा अंडी मी एसटीने नेरूळला आणली. डबा शेवटपर्यंत मांडीवर. शेजारचा माणूस म्हणाला, ताई, वर ठेवा की. मी म्हटलं, दही आहे, सांडंल. अंडी म्हटलं असतं तर त्याने नेरूळपर्यंत अंड्यांचे भाव सांगितले असते.

आमचं घर म्हणजे नव्या वस्तीतलं बैठं घर, पुढे एक खोली, मागे एक खोली आणि तिच्या मागे दहा पावलांचा चौक. नवरा वाशीच्या मार्केटात पोती उचलायचा. डबा पाहून तो म्हणाला, "बाजारात ट्रकनं अंडी येत्यात, आन तू साताऱ्यासनं आणलीस?" मी सांगितलं, ही खायची नाहीत. दुसऱ्या दिवशी येताना तो धान्याच्या गोदामातली झाडलोट, फुटके दाणे, पिशवीभर घेऊन आला.

पण अंड्यांना ऊब पाहिजे, आणि माझ्याकडे कोंबडी नव्हती. आधीच पंधरवडा होत आलेला. बल्बखाली ठेवून बघ, असं शेजारणीने सुचवलं, पण आमच्याकडे दिवे इतक्यांदा जायचे की तो धोका मी घेणं शक्य नव्हतं.

आमच्या गल्लीत खाडीकाठच्या दिवाळे गावातून एक कोळीण मासळी घेऊन यायची. पन्नाशीची, अंगाने आडवी, आवाज असा की तीन गल्ल्या आधी कळायचं. मी तिला मावशी म्हणायचे. तिच्या घरी कोंबड्या आहेत हे मला माहीत होतं. मी विचारलं, खुडुक कोंबडी आहे का? ती म्हणाली, "हाय ना. तीन रोज झालं, खुराड्यातना उठं नाय. देतू तुला. पर अर्धलीन हां, बाय."

अर्धल मला नवी नव्हती. एकीची अंडी, दुसरीची कोंबडी, आणि पिल्लं आईला सोडून चरायला लागली की निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. कोंबडीला दाणापाणी अंडीवालीने करायचं. आणि वाटणीचीही रीत ठरलेली: वाटे एकीने करायचे, उचलायचे दुसरीने. कोंबडीवालीने आधी उचलायचं, कारण एकवीस दिवस उपाशीतापाशी बसली ती तिची कोंबडी. आमच्या गावात तशी आणि दिवाळ्यातही तशीच. मी लगेच कबूल केलं. त्या घडीला मी काहीही कबूल केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशी मासळीच्या पाटीशेजारी दुसऱ्या पाटीत, फडक्याखाली, ती तांबडी कोंबडी घेऊन आली. अंगाला सुकटीचा वास. मी टोपलीत राख आणि पेंढा घातला, कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवला. वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत असं म्हणतात. दिवस कार्तिकाचे होते, विजेचा पत्ता नव्हता, पण आई ठेवायची म्हणून मी ठेवला. सातव्या रात्री खोली काळोखी करून एकेक अंडं बॅटरीसमोर धरलं. तीन अंडी स्वच्छ, आत काही नाही. दहात लाल शिरांचं जाळं दिसलं. नवऱ्याने माझ्या हातातून अंडं काढून घेतलं आणि स्वतः बॅटरीसमोर धरून पाहिलं.

एकविसाव्या दिवशी दहाच्या दहा फुटली. एक मांजराने नेलं, एक पाण्याच्या ताटलीत बुडून मेलं. आठ राहिली. महिन्याभराने डोक्यावर शेंड्या दिसायला लागल्या, बारीक, विस्कटलेल्या, झोपेतून उठलेल्या पोरासारख्या. सकाळी चहाचा कप घेऊन मी चौकात बसायचे. आई गेली, घर भावाचं झालं, मला तिथून काय आलं? एक जुनं लुगडं आणि ही आठ. ह्यांतून मी आईच्या कोंबड्या परत उभ्या करणार होते. एवढं एकच मला पाहिजे होतं, आणि त्यासाठी मी काय करू शकते हे मलाच ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांची झाली तेव्हा मला ओळखू यायला लागलं. ह्या जातीत तुरा शेंडीत लपतो, त्यामुळे नवख्या माणसाला नर-मादी लवकर कळत नाही. पण आईने मला पायाची नळी बघायला शिकवलं होतं, उभं राहण्याची ढब बघायला शिकवलं होतं. पाच कोंबडे होते. तीन तलंगा, म्हणजे पुढे अंडी देणाऱ्या माद्या. तीनच.

मी हिशेब केला. वाटे मांडून मावशीला उचलायला सांगितलं तर एक तरी तलंग जाणार, कदाचित दोन. मग माझ्याकडे बीज म्हणून काय उरणार? आणि तिला काय त्याचं? तिला कोंबडी म्हणजे कोंबडी, रस्सा झाला की झालं. मासळी विकणाऱ्या बाईला शेंडीची काय मातब्बरी. असं सगळं मी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला पटवायला बसला की फार वेळ लागत नाही.

म्हणून वाटणीला मी तिला बोलावलंच नाही. चार कोंबडे आणि तिची तांबडी कोंबडी डालग्यात घातली, वर फडकं बांधलं आणि रिक्षाने दिवाळ्याला गेले. साळसूदपणे म्हटलं, "मावशी, तुमाला हेलपाटा नको म्हणून मीच आले. आठ जगली, चार तुमची." तिने फडकं बाजूला केलं. एकेक पिल्लू उचललं, पोटाखाली हात घालून, क्षणभर धरून खाली ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरी पोसलीस गो. चा पिऊन जा." मी चहा प्यायले. खाडीवरून वारा येत होता, बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि मी मनात म्हणत होते, सुटले.

त्यानंतर ती गल्लीत यायची, पिल्लं कशी आहेत म्हणून विचारायची, आणि मी पटकन दुसरं काही काढायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. एखाद दिवशी ती सुरमईचे चार काप जास्त टाकायची आणि त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

तलंगा मात्र देखण्या निघाल्या. त्यांतली मोठी तर हुबेहूब आईच्या खुराड्यातली, मान वाकडी करून बघायची ढबसुद्धा तीच. चैत्रात ती जागा शोधत फिरायला लागली. मी एक मडकं धुऊन वाळवून त्यात कोंडा भरून ठेवला.

वैशाखात कोंबड्यांच्या मानमोडीची साथ आली. आधी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या पिंजऱ्यात, मग मागच्या गल्लीत, मग आमच्याकडे. पहिल्या दिवशी मोठी तलंग मान खाली घालून बसली. शीट हिरवी. मी लसूण दिली, हळद दिली, ताक दिलं. नवरा मार्केटचा खाडा करून जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लस आधी द्यायची असते, आता उपयोग नाही. आई गावात दरवर्षी लस पाजून घ्यायची. मला शेंड्या आठवल्या, नळ्या आठवल्या, लस आठवली नाही. चार दिवसांत चौघं गेली. शेवटची धाकटी तलंग; तिची मान पाठीकडे वळली होती आणि ती गोलगोल फिरत होती. मी तिला पदरात धरून बसले, फिरू नये म्हणून. मडक्यात एकही अंडं पडलं नव्हतं.

पंधरा दिवस मी चौकात पाऊल टाकलं नाही. मावशीही ह्या दिवसांत आली नव्हती, तिच्याकडे घरात लग्न होतं. मग एका सकाळी डोक्यात आलं: दिवाळ्याला चार आहेत. एक कोंबडा मागावा. तिच्या गावठी कोंबडीवर सोडला तर शेंडी तरी येईल, निम्मं तरी आईचं राहील. मी तशीच उठले आणि रिक्षा केली. हात रिकामे, हे तिच्या दारात उतरल्यावर लक्षात आलं.

ती उंबऱ्यात बसून सुकट निवडत होती. तिच्या कोंबड्या अंगणात चरत होत्या. सगळ्या धडधाकट, मानमोडी तिथवर आलीच नव्हती. माझी नजर शेंडी शोधत होती. मी सांगितलं, माझी सगळी मेली. एक कोंबडा द्याल का?

"कोंबरं कुठं गो आता," ती म्हणाली. "दोन शिमग्याला कापलं, दोन हलदीला. कोंबरं काय कोन ठेवते?"

मी खाली बसले. बसलेच. ती सुकटीची पाटी बाजूला सारून माझ्याजवळ आली.

"एक जरी तलंग दिली अस्तीस," ती म्हणाली, "तं ती कापली नस्ती मी. आज तुला दिली अस्ती."

मला वाटलं कान बंद करावेत. मी विचारलं, "तुमाला कळलं हुतं?"

"हातात घेतल्या घेतल्या कललं. चालीस वरसं कोंबऱ्या पालतू मी." तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पर तुजी आय नुकतीच गेल्ली. म्हटला, जाऊ दे, नाय सुटत तिला. नंतर उमगंल तवा एक आनून देईल आपल्या हातान. मी वाट बघली तुजी."

ती पुन्हा सुकट निवडायला लागली आणि तिकडेच बघत म्हणाली, "बीज एका घरात ठेवू नाय, बाय. एकाकरं रोग आला तं दुसरीकरं ऱ्हातं. अर्धल त्याचसाठी अस्ते. तुज्या आयनं सांगितला नाय?"

सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी फक्त पिल्लं मोजायची असतात एवढंच ऐकलं असेल. पण आईने करून दाखवलं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. दर दोन वर्षांनी ती कुणाकुणाला अंडी द्यायची, आणि मला लहानपणी राग यायचा, की चांगली चांगली अंडी ही लोकांच्या घरात का घालते.

निघताना मावशीने सुकटीची पुडी हातात दिली आणि म्हणाली, तांबडी परत खुडुक झाली की सांगते, अंडी मिळाली तर बघ. कुठली अंडी? आईने ज्यांना दिली होती त्यांच्याकडे ते बीज केव्हाच गावठीत मिसळून गेलं होतं. व्यापाऱ्याने आईच्या कोंबड्या नेल्या त्याला सहा महिने होऊन गेले होते.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणली मावशी?" मी म्हटलं, "तिकडंबी मानमोडी आली हुती. तिचीबी गेली." गावी फोन केला तेव्हा भावालाही हेच सांगितलं. तो हळहळला. म्हणाला, "आक्के, मी इकायला नको हुत्या. माझ्यामुळं आईचं बीज गेलं." मी टेलिफोन बूथवर रिसीव्हर कानाला धरून उभी होते. नाही रे, तुझ्यामुळे नाही, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हुतं ते हुतं," आणि फोन ठेवला. तो अजूनही तसंच समजतो.